आवाजाचं बटण

मित्रांनो, सभा सुरू होण्याआधी माणसं माझ्याशी कशी वागतात, हे एकदा नीट पाहा. पहिला येतो तो डोक्यावर टिचकी मारतो. दुसरा फुंकर घालतो, जणू मी बशीतला गरम चहा आहे. तिसरा अगदी तोंडाला तोंड लावून ‘हॅलो, हॅलो’ असं ओरडतो आणि चौथा विचारतो, ‘चालू आहे का हो?’ अरे बाबा, चालू नसतो तर तुझा हा प्रश्न मागच्या रांगेपर्यंत गेला असता का? पण हे त्याला सांगणार कोण? मी पडलो जुना माइक. माझ्यातून निम्मं शहर बोलून गेलं, मला मात्र ‘तूही दोन शब्द बोल’ असं आजवर कुणी म्हटलं नाही. म्हणून आज तुमच्याजवळ मन मोकळं करतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगातून बघत एका ताईने माझ्या पोटातली केसासारखी बारीक तार जोडली आणि माझ्यात पहिला शब्द बोलली तीही तीच. ‘ऐकू येतंय का?’ एवढंच तिने विचारलं. समोरच्या टेबलावरच्या माणसाने मान डोलावली आणि मी खोक्यात गेलो.

खोक्यातून मला बाहेर काढलं हॅलोकाकांनी. तेव्हा ते काका नव्हते, नुकतंच मिसरूड फुटलेला काटकुळा पोरगा होता. माइक आणि कर्णे भाड्याने द्यायचं दुकान त्याने थाटलं होतं. माझी तार खांद्यावर टाकून तो जिथे तिथे ‘हॅलो, हॅलो’ करत फिरायचा, म्हणून लोकांनी त्याचं हे नाव पाडलं. पुढे केस पिकले, काकाही मागे लागलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव सगळे विसरून गेले.

काय दिवस होते ते! शाळांच्या शर्यती मी गाजवल्या. जत्रेत चुकलेल्या पोरांच्या आयांना मी हाका मारल्या. लग्नाच्या मांडवात वधूपित्याचा गळा दाटून आला, तो हुंदकाही मी जसाच्या तसा पोचवला. एकदा एक नावाजलेली गायिका गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘या माइकला कान आहेत.’ काकांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं. ते वाक्य त्यांनी पुढे गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितलं आणि ज्यांना सांगून झालं होतं त्यांना पुन्हा सांगितलं.

मग काकू घरात आल्या. सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या विभागात त्या आया आहेत. तापलेल्या पोरांना पुसून काढायचं, रडणाऱ्यांना खांद्यावर घ्यायचं, आईला डुलकी लागली तर बाळापाशी बसायचं, हे त्यांचं काम आणि हाच त्यांचा जीव. मला मऊ फडक्याने पुसायच्या त्याच. माझ्या मानेला तडा गेला तेव्हा दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी त्यांनीच गुंडाळली. पण माझ्यात बोलायचं म्हटलं की लांब पळायच्या. ‘नको बाई, माझा आवाज कुठे चांगला आहे?’ असं म्हणायच्या. घरात मात्र तोच आवाज असा लागायचा की काकांना कर्ण्याची आठवण यावी.

दिवस पालटले. मोठ्या कंपन्या आल्या, त्यांचे बिनतारी माइक आले, आमची कामं आटली. शेवटी हातात एकच नेमाचं काम राहिलं, ते म्हणजे महापालिकेच्या शाळेत दर महिन्याला भरणारी नागरिकांची सभा. टेकडीवरच्या आमच्या वस्तीने तिथे यायचं, आपलं दुखणं सांगायचं आणि वॉर्ड ऑफिसच्या साहेबांनी ते ऐकायचं, अशी ती पद्धत.

मित्रांनो, एखादं शहर कसं चाललंय हे बघायला लोक उंच इमारतीवर जातात. त्यापेक्षा माझ्याजवळ येऊन बसा. इस्त्रीवाली मावशी मला हातात धरायची ती चिमट्यात गरम भांडं धरावं तशी. ‘साहेब, आम्ही कामाला गेलो की पाणी येतं आणि आम्ही घरी आलो की जातं. आमचं काही वाकडं आहे का त्याच्याशी?’ असं ती विचारायची. बेकरीवाला यायचा तेव्हा माझ्या जाळीवर मैदा उडायचा. ‘रस्ता पाण्यासाठी खणला, मग विजेसाठी खणला, मग टेलिफोनसाठी. गिऱ्हाईक दुकानात येतं ते फळीवरून, तोल सांभाळत. खणायला तुमच्याकडे इतकी खाती आहेत, तर बुजवायचं एखादं काढा की!’ निवृत्त मास्तर सगळ्यात शेवटी बोलायचे. घरभाडी इतकी वाढली की त्यांचे विद्यार्थी लग्न झालं की शहराबाहेर जातात, हे त्यांचं दुःख. ‘ज्यांच्या जोरावर शहर चालतं, त्यांनाच इथे राहणं परवडत नाही,’ असं म्हणायचे. आणि एवढी आगपाखड करून खाली बसता बसता पुटपुटायचे, ‘पण मेलं दुसरीकडे मला झोपच लागत नाही.’

तेही मी सगळ्यांना ऐकवायचो. लोक हसायचे. पाण्यावरून, खड्ड्यांवरून, भाड्यावरून शहराला लाखोली वाहणारी ही माणसं शहरावर जीव टाकून होती. रुसतो कोण? ज्याचा हक्क असतो तोच ना?

पण माझ्यात शिरलेला शब्द बाहेर किती जायचा, हे माझ्या हातात नव्हतं. ते होतं काकांच्या यंत्रावरच्या आवाजाच्या बटणावर. सभेचे पहिले साहेब मोठे रुबाबदार. त्यांनी पहिल्याच दिवशी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, ‘मी चष्म्याला हात लावला की आवाज हळूहळू खाली आणायचा. एकदम बंद नाही करायचा, लोक चिडतात.’ काकांना ते पटलं नाही. पण काम टिकवायचं होतं. ते शिकले. कुणी पेटून बोलायला लागलं, साहेबांचा हात चष्म्याकडे गेला, की बटण अलगद डावीकडे फिरायचं. बोलणाऱ्याचे ओठ हलत राहायचे आणि शब्द पहिल्या रांगेतच गळून पडायचे. लोक काय म्हणायचे ठाऊक आहे? ‘हा माइक म्हातारा झाला. फेकून द्या आता.’ केलं कुणी आणि बोल कुणाला! मला फार लागायचं ते.

ते साहेब बदलून गेले. दुसरे आले, तिसरे आले. आत्ताचे साहेब तर तरुण आणि मवाळ. पण चष्मा त्यांनाही होता आणि त्यांचा हात तर घटकेघटकेला तिकडे जायचा. काकांना वाटलं, जाता जाता जुन्या साहेबांनी नव्याला सगळं समजावून दिलं असणार. विचारायचं कसं? ते मुकाट्याने बटण फिरवत राहिले. घरी आले की जेवताना बोलत नसत.

आणि मग बसथांब्यावर एक कागद चिकटला. महापालिकेच्या तिजोरीत खडखडाट असल्यामुळे टेकडीवरून दवाखान्याकडे जाणारी पहाटेची पहिली बस बंद होणार होती. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. ती बस नसेल तर पाळीला वेळेवर पोचायचा दुसरा मार्ग नाही आणि वेळेवर न पोचणाऱ्या आयाला दवाखाना ठेवत नाही. म्हणजे दवाखान्यातली पोरं काकूंना दुरावणार. काकू त्या संध्याकाळी मला पुसत होत्या, पुसता पुसता थांबल्या.

‘अहो, या सभेत मी बोलू का?’

काका दचकले. ‘तू? अगं, मास्तरांना सांग ना. ते बोलतील तुझ्या वतीने.’

‘मास्तर त्या बसने जात नाहीत.’

काका उगाच माझी तार गुंडाळू लागले. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते मला न सांगता कळलं. साहेबांनी चष्म्याला हात लावला तर? बटण फिरवावं, तर बायकोचं काम जातं. न फिरवावं, तर उरलंसुरलं आपलं काम जातं.

सभेचा दिवस उजाडला. शाळेचं दालन भरलं होतं. काकू उठल्या, पदराने तळहात पुसले आणि त्यांनी मला हातात घेतलं. इतकी वर्षं मला पुसणारा तो हात, पण आज त्याला घाम फुटला होता. त्यांनी ना टिचकी मारली, ना फुंकर घातली. हळूच म्हणाल्या, ‘ऐकू येतंय का?’

माझ्या अंगावर काटा आला. जन्मल्या जन्मल्या ऐकलेले तेच शब्द!

‘साहेब, मी लहान मुलांच्या विभागात आया आहे,’ काकू बोलू लागल्या. ‘पहाटे पोरं उठतात ती घाबरलेली असतात. नवीन जागा, सुया, आई बिचारी रात्रभर जागलेली. तेव्हा ओळखीचं कुणी तरी दारात दिसावं लागतं. ते मी असते. पण मी त्या बसने...’

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला.

काकांचा हात त्यांना न विचारताच बटणाकडे गेला. सवय किती वाईट असते बघा. माझ्यातला जीव ओसरू लागला. काका, नको हो, आज तरी नको, असं मी म्हणत होतो, पण माझं कोण ऐकणार? काकू बोलत होत्या आणि मागची रांग ‘ऐकू येत नाही, ऐकू येत नाही’ म्हणून ओरडायला लागली. काकू थबकल्या. त्यांना कारण ठाऊक नव्हतं. त्या ओशाळं हसल्या आणि मला परत द्यायला काकांपुढे आल्या. ‘बघा,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘मी म्हणत होते ना, माझा आवाजच चांगला नाही.’

ते वाक्य काकांच्या काळजात घुसलं. त्यांनी मला घेतलं नाही. बटण धरलं आणि उजवीकडे फिरवलं ते पार टोकाला नेऊन ठेवलं. मी असा किंचाळलो की पहिल्या रांगेने कान झाकले.

‘साहेब,’ काका उभे राहून म्हणाले, ‘माझं काम काढून घ्यायचं तर खुशाल काढून घ्या. पण आज मी आवाज खाली करणार नाही. तुम्ही चष्म्याला जितक्या वेळा हात लावायचा तितक्या वेळा लावा!’

साहेब बावचळून बघत राहिले.

‘चष्म्याला? अहो, याची दांडी सैल झालीय. सारखा घसरतो, म्हणून वर करतो मी. तुमच्या आवाजाचा आणि त्याचा काय संबंध?’

मग काकांनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांची मान खाली होती. साहेब आधी हसले, मग हसायचे थांबले. ‘म्हणजे तुम्ही... मला वाटायचं, या भागातली माणसं सुरुवात जोरात करतात आणि मग त्यांचा त्यांनाच कंटाळा येतो. मी तर वर कळवत होतो, नागरिकांच्या फारशा तक्रारी नाहीत.’

इस्त्रीवाली मावशी कमरेवर हात ठेवून उठली. ‘म्हणजे आमचं पाणी त्या दांडीत अडकलंय होय इतके दिवस?’

हसू फुटलं ते आवरेना. बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकाही हसत होते, पण डोळे त्यांचेही कोरडे नव्हते. काकू तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी मला घट्ट धरलं होतं. ‘माझं बोलणं अर्धं राहिलंय,’ त्या म्हणाल्या, आणि पोटभर बोलल्या.

साहेबांनी खोटं आश्वासन दिलं नाही. ‘तिजोरी रिकामी आहे, हे खरं आहे,’ ते म्हणाले. ‘पण कुठली बस बंद करायची ते आम्ही नकाशावर बघून ठरवलं. आत कोण बसतं, ते बघितलं नाही. मी येतो एकदा तुमच्याबरोबर.’

आणि ते खरंच आले. हे मला काकूंनी सांगितलं. पहाटे बसमध्ये झाडूवाल्या बायका, पहारेकरी, भाजी आणायला निघालेले, परिचारिका, सगळे दाटीवाटीने उभे. साहेबांना बसायला जागा मिळाली नाही. ते वरची दांडी धरून उभे आणि चष्मा नाकावरून खाली, सावरायला हात मोकळा नाही. शेवटी काकूंनी पिशवीतली चिकटपट्टी काढली, साहेबांचा चष्मा उतरवला आणि दांडी घट्ट गुंडाळून परत नाकावर ठेवून दिला, लहान मुलाला ठेवावा तसा.

बस राहिली. कधी उशिरा येते, कधी खटारा येते, पण येते. काकू पहाटे पोरांच्या दारात दिसतात. रस्ता मात्र अजून खणलेलाच आहे आणि पाण्याचं भांडण चालूच आहे. एका सभेत सगळं कुठे सुटतं? पण आता ते भांडण मागच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. काकांनी बटणालाही तीच पांढरी चिकटपट्टी लावून टाकली आहे, ते डावीकडे फिरतच नाही. घरी काकू अजून चिडवतात, ‘इतकी वर्षं माझा आवाज कमी करायचं बटण घरात शोधत होतात, ते सभेत सापडलं तुम्हाला!’ काका मान खाली घालून हसतात. जेवताना आता ते बोलतात.

मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. आम्हा माइकांना तार धरून ओढू नका, काम झालं की मऊ फडक्याने पुसा. आणि मोठेपणी असलं एखादं बटण तुमच्या हाती आलंच, तर खुर्चीतल्या माणसाचा हात कुठे जातो तिकडे बघत बसू नका. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघा. त्याचा आवाज पोचत नसेल, तर त्याला नाव ठेवण्याआधी स्वतःची बोटं कुठे आहेत ते तपासा.

हो, आणि टिचक्यांचं सांगायचं राहिलं. हल्ली सभेत माझ्या डोक्यावर सगळ्यात जोरात टिचकी मारतात त्या काकूच. बाकी कुणाची नसेल, पण तेवढी एक मला आवडते.