उभा पहारा, आडवी गस्त

मित्रांनो, मी सागाच्या लाकडातून कोरलेला, अंगठ्याएवढा एक जुना पहारेकरी आहे. नाक जरा वाकडं आहे, त्याला माझा इलाज नाही. अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या नत्थुजींनी मला घडवलं. उभं आयुष्य दर्यापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेलेला हा माणूस. निवृत्तीनंतर त्यांचे हात स्वस्थ बसेनात, म्हणून नात अपेक्षा आणि त्यांनी मिळून मांजरपाटावर जादुई राज्यांचा एक खेळ रचला. त्यात किल्ले होते, यक्षिणी होत्या, आणि गावागावांत माणसांच्या जागी सरकीचे दाणे होते.

आता माझं काम ऐका. मला उभं ठेवलं की मी वेशीवर पहारा देतो. कोणी चाल करून आलं तर लढतो, पण चोरपावलांनी शिरलेला हेर मला दिसत नाही. मला आडवं ठेवलं की मी गल्लीबोळांत गस्त घालतो. मग फासा टाकायचा. हेराच्या चलाखीच्या आकड्याहून मोठं दान पडलं, तर तो ज्या बाटलीच्या झाकणाखाली दडलाय ते उचलायचं. मात्र दर गस्तीला गावातला एक दाणा कमी होतो.

"आबाजी, हा कोणता नियम?" अपेक्षा चिडायची.

"रोज कोणी घराची झडती घेतली, तं तू राह्यशीन का त्या गावात?" नत्थुजी विचारायचे.

काय दिवस होते ते! एकदा मी अदृश्य यक्षिणी पकडली, तेव्हा नत्थुजींनी मला कपाळाला लावलं होतं. संध्याकाळी ते अपेक्षाला क्लासवरून स्कूटरवर घेऊन आले, की लगेच पट मांडला जाई.

पण गेल्या वर्षापासून त्यांनी मला आडवं ठेवणंच सोडलं. मी सदा उभा. अपेक्षाचे हेर खुशाल येत-जात आणि नत्थुजी हरत. मला वाटलं, माझ्यावरचा त्यांचा जीव उडाला. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

एका संध्याकाळी अपेक्षाला खोडी सुचली. तिने आपला हेर झाकणाशिवाय, उघड्यावर, पटाच्या डाव्या कडेला ठेवला.

"आबाजी, गस्त घाला न!"

"कायले घालू? गावात कोणीच नाई."

ती खो-खो हसली. नत्थुजीही समोर पाहून हसले. मग तिचं हसू थांबलं. तिने बोटाने हेर हळूहळू मधोमध सरकवला, तेव्हा कुठे ते दचकले.

"कवापासून दिसत नाई तुमाले?"

"समोरचं सारं दिसते मले."

"अन् बाजूचं?"

नत्थुजींनी मला मुठीत घट्ट धरलं. "तुह्या बाबाले सांगू नोको. स्कूटर काढून घेतीन. मंग माह्यं काय काम रायते या घरात?"

तेव्हा मला कळलं, कडेची झाकणं दिसेनाशी झाली म्हणून त्यांनी गस्त सोडली होती. माझा लाकडाचा जीव, तरी घाबरा झाला. राजापेठेत कुठल्या बोळातून कोणती गाडी अंगावर येईल याचा नेम नाही, आणि त्या गर्दीतून ही पोर रोज त्यांच्या मागे बसून जात होती.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी किल्ली घेऊन दारात उभे राहिले. अपेक्षा दप्तर मांडीवर घेऊन पायरीवरच बसली. मी खिडकीतून पाहत होतो.

"मी मांगं नाई बसत, आबाजी."

"माह्या हातचं भेव वाटते तुले?"

"हव," ती म्हणाली आणि रडू लागली. "आपून पायी जाऊ. पण मले सोडाले तुमीच या."

नत्थुजी रागाने आत निघून गेले. पट मांडला गेला नाही. मी डब्यात पडून धूळ खात राहिलो. शेवटी त्यांनीच मुलाला, किशोरला, सगळं सांगितलं. अकोल्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. म्हणाले, उरलेली नजर औषधाने सांभाळता येईल, गेलेली परत येणार नाही. वर्षभर आधी आला असतात, तर बरीच वाचली असती.

आता दोघं क्लासला पायी जातात. अपेक्षा त्यांच्या डाव्या बाजूने चालते.

मित्रांनो, माझी धूळ पुसायला विसरलात तरी चालेल. पण तुमच्या घरातलं माणूस एखादी नेहमीची गोष्ट टाळू लागलं, तर जवळ बसा आणि मायेने विचारा. आमच्या घरात ते विचारायला एक वर्ष उशीर झाला, आणि त्या वर्षात गेलेली नजर नत्थुजींना आता कोणीच आणून देऊ शकत नाही.