पाचव्या माइकवरचे रामधनजी

मालेगावात जमशेदभाईंच्या मंडप-बिछायतीच्या दुकानामागची खोली आता त्यांच्या लेकीचा, आरजूचा स्टुडिओ झाली होती. रामकिसन महाराजांचं कीर्तन तिथं रेकॉर्ड करायचं ठरलं आणि मेडशीहून त्यांची मंडळी सकाळच्या एसटीनं हजर झाली. खोली लहान, म्हणून टाळकरी एकच आणला: तरुणपणापासून महाराजांच्या मागं उभे राहणारे रामधनजी.

टेबलावर एक चपटं काळं यंत्र होतं. त्याच्या तोंडावर माइक जोडायला आठ भोकं.

"याले ऑडिओ इंटरफेस म्हणतात," आरजू म्हणाली. "ज्याचा त्याचा आवाज अलग घेते. मंग मिक्सिंगमंदी कोनाचा वाढवा, कोनाचा कमी करा."

आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तिनं मधे बिछायतीच्या गाद्या उभ्या केल्या आणि पाचवा माइक रामधनजींपुढं आणला. देवळात सगळ्यांत मिळून एक माइक. हा त्यांच्या एकट्याचा! त्यांनी आधी त्यालाच हात जोडले.

कीर्तन असं रंगलं, की महाराज आपण खोलीत आहोत हेच विसरले.

मग ऐकणं सुरू झालं. आरजू एकेक आवाज सुटा लावत गेली. पाचवा लावला आणि खोलीत नुसते रामधनजी घुमले. घोगरे, मधेच चिरकणारे. मृदंगवाला बादल खुदकन हसला. "काका, भजन म्हणून राह्यले का बैलं हाकून राह्यले?"

रामधनजींचं तोंड उतरलं. एवढी वर्षं देवापुढं हाच आवाज? अन् आता गावोगावचे लोक मोबाइलवर हेच ऐकणार?

"पोरी, मले काढून टाक. माह्यापायी महाराजांचं कीर्तन नासू नोको."

"काढते. पन आधी तुमच्याबिगर कसं लागते ते तं आयका."

तिनं पाचवा बंद केला. आता सगळं कसं स्वच्छ. महाराजांनी अभंगाचा चरण उंच नेला आणि दम घ्यायला थांबले. मृदंग एकटाच वाजत राहिला. ध्रुपद उचलायला कुणीच नाही.

मान खाली घालून बसलेल्या रामधनजींचा गळा कधी उघडला, त्यांनाही कळलं नाही. ते उठून उभे राहिले, ध्रुपद उचललं, आणि त्यांच्या शेवटच्या अक्षरावर यंत्रातले महाराज पुन्हा वर चढले.

"काका," आरजू हसत म्हणाली, "तुमचं चॅनल बंद केलं, पन तुमी कुठं बंद होऊन राह्यले!"

बादलनं कान पकडले.

"मी दम घेतो तो याच्याच भरोशावर," महाराज म्हणाले. "खोल ते, बेटा."

आरजूनं पाचवा चालू केला. शिवाय त्या भोकाखाली पट्टी चिकटवून पेननं लिहिलं: रामधन काका.

संध्याकाळी घरी बायकोनं, सुंदरबाईंनी विचारलं, "झालं का जी कीर्तन?"

रामधनजी खाटेवर ताठ बसले. "झालं. आठ भोकाचं यंत्र हाये आरजूचं. पाचव्यावर माहं नाव हाये."

"आन् महाराजाचं?"

"तेबी हायेत," रामधनजी म्हणाले. "तिकडं, पयल्यावर."