ओठ मिटतात तिथे

आवाज अर्धा सेकंद मागे.

बाबांनी पडद्यावर तोंड उघडलं, मिटलं, आणि मग शब्द आला. उष्टं ताट पुन्हा पुढ्यात यावं तसा.

"काय केलंस याचं?" तिने विचारलं.

"काही नाही गं," दादा म्हणाला. "मधल्या जाहिराती कापल्या आणि फाईलचा फॉरमॅट बदलून घेतला."

"मूळ रेकॉर्डिंग?"

"पुसलं. जागा खात होतं."

टीव्हीवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगला सिग्नल तुटल्याची बारीक भोकं असतात. आधी ती बुजवायची, मग कापायचं, मग फॉरमॅट बदलायचा. दादाने आधी कात्री चालवली. आता प्रत्येक कापाला आवाज आणखी घसरत होता.

कोपऱ्यात आई गुंड्या निवडत होती. "शिंप्याचा मुलगा ना रे तू? माप न घेता कापलंस."

दादा फोन आल्याचं निमित्त करून सटकला.

सव्वा सेकंद मागे.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. रविवारी सभा होती. त्यांच्या हाताखाली शिकलेले शंभरेक कारागीर येणार आणि ही मुलाखत बघणार. आवाज जुळवायला ओठ मिटणारं अक्षर लागतं: प, ब, म. ओठ मिटले त्या चित्रावर ते अक्षर नेऊन ठेवायचं, की पुढचं सगळं आपोआप बसतं.

तिसऱ्या तुकड्यात कॅमेरा सतत कापडावर. बाबांचा चेहरा एकाच वाक्याला.

"बायकोला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. चिंधीही वाया न घालवणारी ही कापणी माझ्या एकट्याच्या डोक्यातली."

तिने कानाला हेडफोन लावले. आईला ऐकू जायला नको.

बायकोला. मागे. बायकोला. मागे. ओल्या मिशा, ओठांच्या कोपऱ्यातली पांढरी थुंकी, वाक्य संपल्यावर समाधानाने फिरलेली जीभ. विसाव्या वेळेला तिने चित्र थांबवलं. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, गुडघ्यांवर रांगत, तोंडात टाचण्या धरून ती कापणी कोणी बसवली, हे या घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. बाबा तेव्हा स्टुलावर बसून दात कोरत.

दादा दारात आला. "झालं?"

"हे वाक्य मी काढून टाकतेय."

"वेडी आहेस का? सगळ्यात भारी वाक्य आहे ते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. नाकही तेच, जीभ फिरवायची लकबही तीच. शी.

तिने खूण करून वाक्य निवडलं. बोट पुसायच्या बटणावर ठेवलं.

"थांब," आई म्हणाली.

तीस वर्षं शिलाई मशीनच्या खडखडाटात आईचे कान अर्धे गेले होते. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ती ओठांवरून ओळखायची. हेडफोन लावताना लेकीला एवढंही सुचलं नव्हतं.

"आई, तू..."

"मघापासून बघतेय. बायको, बायको, बायको." आईने गुंड्यांचा डबा बंद केला. "जिवंतपणी एवढ्यांदा कधी नाव काढलं नाही."

"कापते मी ते."

"कापू नकोस. त्या शंभरातल्या निम्म्यांना मीच कापायला शिकवलंय. घसरलेलं राहिलं तर म्हणतील, यंत्राची चूक." आईने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला. "ज्यांच्या तोंडचं आहे, त्यांच्या तोंडावर बसव. नीट."



आईने पडद्यावर बोट टेकवलं. "इथे मिटलेत बघ ओठ."

शून्य.