तीन मण्यांचं नाव

आयनरची नात साडेपाच महिन्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. घरात सगळे तिला ‘बटाटा’ म्हणत. सहा महिन्यांच्या आत चर्चच्या कचेरीत नाव कळवावं लागतं, म्हणजे आता फार तर पंधरा दिवस उरले होते, आणि आयनरचा जीव टांगणीला लागला होता. बारशापर्यंत नाव गुपित ठेवायचं ही या गावची जुनीच खोड; पण त्याची लेक सिसेल अगदी ताकास तूर लागू देत नव्हती. बरं, विचारायचीही सोय नाही. चाळीस वर्षं आयनरने फेरीबोटीच्या इंजिनाखेरीज कशातही नाक खुपसलं नव्हतं.

खरं म्हणजे त्याला एकच नाव हवं होतं, गेर्डा. त्याच्या बायकोचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. पण तसं म्हटलं तर सिसेल नाइलाजाने हो म्हणेल, आणि नाइलाजाने ठेवलेलं नाव त्याला नको होतं. म्हणून तो गप्प होता, आणि गप्प बसणं त्याला अजिबात झेपत नव्हतं.

जूनमधला रविवार होता. बंदराकाठच्या बागेत निम्मं गाव लोटलं होतं. जावई रूने बागेतल्या शेगडीवर सॉसेज भाजत होता, म्हणजे निम्मी जाळत होता.

“बाबा, नुसता बसलायस तर बटाट्याला एक चक्कर मारून आण ना,” सिसेल म्हणाली. “टपरीमागे सावलीत झोपलीय. फक्त उठवू नकोस. जो उठवेल त्याने सांभाळायचं.”

“मी कधी उठवलंय तिला? मागच्या वेळची शिंक तुझ्या नवऱ्याची होती.”

“एका शिंकेचं किती दिवस ऐकवणार आहेस, आयनर?” रूने धुरातून ओरडला.

आइस्क्रीमच्या टपरीमागे नेहमीसारख्या चार बाबागाड्या ओळीने उभ्या होत्या. आत बाळं झोपलेली, आया पुढच्या बाजूला कोन चाटत बसलेल्या. आयनरने काळी गाडी, वर जाळी, आत राखाडी पांघरूण एवढं पाहिलं आणि ब्रेक सोडला.

दहा पावलांतच पुढचं चाक करकरू लागलं. आयनर वैतागला. कालच रात्री त्याने त्या चाकाला तेल घातलं होतं, स्वतःच्या हातांनी. हल्लीच्या तेलात काही दम नाही, असं म्हणून त्याने दोष तेलाला दिला आणि तो धक्क्यावर गेला.

धक्क्यावर पोरंटोरं पालथी पडून खेकडे पकडत होती. कपड्यांच्या चिमट्यात कालव अडकवायचं आणि दोरीने पाण्यात सोडायचं. त्यातली दात पडलेली एक मुलगी बादली घेऊन उठली आणि गाडीत डोकावली.

“हिचं नाव काय?”

“ठाऊक नाही.”

“बाळ तुझं आणि नाव ठाऊक नाही?”

“नात आहे. मला सांगत नाहीत.”

मुलीने त्याच्याकडे अशा कीवेने पाहिलं की तो ओशाळला. “मग बघ ना,” ती म्हणाली. “चोखणीच्या दोरीवर असतं. अक्षरांचे मणी. माझ्या भावाच्या होतं.”

आयनरने मागे पाहिलं. बघणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. पण उत्सुकतेने त्याच्या बोटांना खाज सुटली होती. जाळी हळूच उचलून त्याने दोन बोटांनी दोरी बाहेर ओढली. बाळाचं तोंड पलीकडे होतं, टोपी नाकापर्यंत आलेली. दोरीला तीन लाकडी मणी होते, प्रत्येकावर एक रोमन अक्षर.

“ओडा,” मुलीने वाचलं.

आयनरने दोरी आणखी थोडी ओढली. पांघरुणाखाली आणखी मणी असतील, अशी वेडी आशा. नव्हते.

वाईट वाटलं त्याला. चांगलंच वाईट वाटलं. तो धक्क्याच्या टोकाला बाकावर जाऊन बसला. मग त्याला वाटलं, यात या बिचारीचा काय दोष? तिला आयुष्यभर हेच नाव वागवायचंय. निदान आजोबाच्या तोंडी तरी ते नीट बसायला हवं.

“ओडा, जेवायला चल,” त्याने हळूच म्हणून पाहिलं. कसंतरीच वाटलं. “ओडा, होडीत उभी राहू नकोस.” हे जरा बरं होतं. “ओडा, तुझी आजी असती ना, तर तुला मांडीवरून खाली ठेवली नसती.” आणि या तिसऱ्या वेळी नाव बसलं.

तो परतला तेव्हा सॉसेज कोळशासारखी झाली होती.

“ओडा छान नाव आहे,” तो गाडी उभी करत म्हणाला. “मला आवडलं.”

सिसेल आणि रूने एकमेकांकडे बघत राहिले.

“आता लपवू नका. मी मणी पाहिलेत. मला तुझ्या आईचं नाव हवं होतं, सिसेल, खोटं कशाला बोलू. पण ओडाही चालेल.”

सिसेलचे डोळे भरून आले. काही बोलायच्या आधी तिने सवयीने जाळी उचलली आणि तिचा रंगच उडाला.

“बाबा! ही आपली नाहीये!”

तिघेही गाडी घेऊन टपरीकडे धावले. चाक करकरत होतं. टपरीमागे एक लाल केसांची बाई काळी बाबागाडी पायाने झुलवत निवांत कोन खात होती. सगळा प्रकार ऐकल्यावर तिने आधी ओडाला पाहिलं, मग झुलवत होती त्या बाळाला, आणि हसून हसून तिची पुरेवाट झाली.

“तरी म्हटलं, आज चाक आवाज कसं करत नाही!”

आयनरचे कान लाल झाले. चाळीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा माणूस, आणि चाक ओरडून सांगत होतं ते त्याला ऐकू आलं नव्हतं.

परतताना सिसेलने गाडी थांबवली.

“नाव जन्माआधीच ठरलं होतं, बाबा. आईचंच. पण तुला कसं सांगायचं? तिचा कप कपाटात उलटा ठेवलायस. कुणी हात लावला की उठून जातोस. दोन वर्षांत तिचं नाव तोंडातून काढलं नाहीस. रोज तुझ्यासमोर त्याच नावाने हाका कशा मारायच्या आम्ही?”

तेवढ्यात रूने शिंकला.

गाडीतून भोकाड ऐकू आलं. जो उठवेल त्याने सांभाळायचं, म्हणून रूने पुढे झाला. आयनरने त्याला हाताने बाजूला सारलं आणि गाडीवर वाकला.

“काय झालं गं?” तो म्हणाला. मग घसा साफ करून, सगळ्या बागेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “गेर्डा!”

बाळ रडायचं थांबलं आणि आवाज कुठून आला ते बघू लागलं.