मुद्दा क्रमांक तीन

चिमट्याच्या टोकाला धरलेला कोंब बोटभरही नव्हता, वर दोन पानं नीट उघडलेली आणि खाली मुळाच्या जागी नुसता तपकिरी ठिपका – हा मोजायचा की नाही, हे तिला आता क्षणात कळत होतं. नाही मोजायचा. वरून कितीही टवटवीत दिसला तरी 'विकृत' या रकान्यात. शंभर बिया ओल्या कागदावर ठेवायच्या, सात दिवसांनी उगवलेल्या मोजायच्या आणि त्या पिशवीतलं बियाणं विकायच्या लायकीचं आहे की नाही ते लिहायचं, एवढंच या प्रयोगशाळेतलं तिचं काम. नोकरीला लागून सातवा आठवडा चालू होता. बियांचं जमायला लागलं होतं. माणसांचं... ट्रेच्या कडेला घडी घातलेला तो कागद होता. त्याच्याकडे न बघता तिने एकोणचाळीसपर्यंत मोजलं, आकडा विसरली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

सकाळी नोंदणीवाल्या काकांनी तो आणून ठेवला होता. आलेल्या प्रत्येक पिशवीला नंबर देणं हे काकांचं काम, आणि जमलं तर माणसांनाही.

"वाचून घ्या सावकाश. अकरा सह्या झाल्यात, तुमची बारावी. पाचला मी वरच्या ऑफिसात नेऊन देणार." मग वाकून, अगदी मायेने, "तुमच्यासाठीच चाललंय हो हे सगळं. दुपारी आमच्यात बसा, खुर्ची धरून ठेवतो."

कागदावरची तक्रार प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंविरुद्ध होती, त्यांची बदली मागणारी. पहिला मुद्दा रजांचा, दुसरा कामाच्या वाटपाचा, दोन्ही गुळमुळीत. तिसऱ्यात मात्र दम होता. 'नवीन महिला कर्मचाऱ्यास सर्वांसमक्ष, "डोळे काय घरी ठेवून येता?" असे बोलून अपमानित करण्यात आले.' नवीन महिला कर्मचारी म्हणजे ती स्वतः. अडचण एवढीच होती की ते वाक्य प्रमुख बाईंचं नव्हतं, तिचं होतं.

पहिले पाच आठवडे ती मागच्या खिडकीशी उभ्यानेच डबा खायची. बसू नका असं कोणी म्हटलं नव्हतं, बसा असंही नाही. लांब टेबलावर हशा पिकला की तिच्याही तोंडावर उगीच हसू यायचं आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून ती खिडकीबाहेर बघायची. घरी नवऱ्याला सांगायची, लोक छान आहेत. मग एकदा चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, "काय, बाईंनी झापलं म्हणे परवा?" – कोणीतरी विचारलं, फक्त तेवढ्यासाठी – तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, मान तिरकी केली आणि नाकातून म्हणाली, "अहो, डोळे काय घरी ठेवून येता?" काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पुन्हा करा, पुन्हा! चार वेळा केलं तिने, दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवून. त्या संध्याकाळी ती गुणगुणत घरी गेली. आता आठवून लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर नुसती लाजच नाही, त्या हसण्याची ऊब अजून आत शिल्लक होती.

लहानपणी, आई गेल्यावर, बाबा हसायचे ते एकाच गोष्टीला... घर सांभाळायला आलेली आत्या पाय ओढत कशी चालते, ते ती करून दाखवायची. एकदा वळून बघते तर आत्या दारात. "जेवायला चला," एवढंच म्हणाली. पण त्यानंतर आत्या घरात पाऊल टाकायची ते जपून, आवाज होऊ न देता.

बाईंनी तिचा चुकलेला ट्रे सगळ्यांदेखत पुढे ओढला होता, हे खरं. आवाज चढला होता, हेही खरं. पण पाचला सगळे गेल्यावर त्याच स्टूल घेऊन शेजारी बसल्या होत्या, तिच्या हातात भिंग देऊन एकेक कोंब उलटून दाखवत... "पहिल्या वर्षी मीही हेच मोजायचे." हे तिने टेबलावर सांगितलं नव्हतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी खुर्ची खरंच धरून ठेवलेली होती.

"झाली का सही?"

"वाचतेय अजून."

"त्यात वाचायचंय काय? तुम्हीच तर सांगितलंत!" काका हसले. "नाही केलीत तरी आमचं काही नाही हो." आणि तिच्यासमोरची पाण्याची बाटली त्यांनी सहज पलीकडे सरकवली.

जेवून आल्यावर तिने मनाशी ठरवलं – बाई नेमकं तसं नाही, पण तशा अर्थाचं काही बोलल्या असतील तर करायची सही. फक्त आठवायला हवं. काय म्हणाल्या होत्या? नीट बघा? बघून मोजा? की डोळ्यांचं काही होतंच त्यात... मी तिथेच होते की, हाताच्या अंतरावर, मला नाही आठवणार तर कोणाला? पण आठवायला जावं तर समोर यायचा नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा, तिरकी मान, तो नाकातला सूर. पुन्हा पहिल्यापासून आठवायची. पुन्हा तेच.

पावणेपाचला प्रमुख बाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. तिने कागद ट्रेखाली सरकवला.

"किती भरले?"

"सत्याऐंशी."

"विकृत?"

"नऊ."

"परत एकदा बघून घ्या."

साधं वाक्य. तिने चमकून वर पाहिलं. चष्मा नाकावर जागच्या जागी होता, मान सरळ होती.

"काय म्हणालात?" तिने विचारलं. तिला ऐकायचं होतं, या वेळी नीट ऐकायचं होतं.

बाई सावकाश, एकेक शब्द सुटा करत तेच पुन्हा म्हणाल्या. त्यांचे ओठ हलताना तिला स्पष्ट दिसले. आवाज मात्र तिला स्वतःचाच ऐकू आला, नकलेतला, नाकातून, आणि पाठोपाठ लगेच टेबलावरचा तो हशा. खोलीत तेव्हा कोणीच हसत नव्हतं.