शेजारी कोणी नको

मेट्रनबाईंनी विमानात पाऊल टाकलं आणि पहिल्या नजरेतच ठरवून टाकलं, की असा वॉर्ड आपण एक दिवसही चालू दिला नसता.

सगळ्या खाटा एकमेकींकडे पाठ फिरवून मांडलेल्या. प्रत्येक खाटेला छातीएवढी भिंत, भिंतीला सरकतं दार. दाराआड कोण निजलंय, कोणाचा जीव कासावीस होतोय, हे बघायचं तर दाराशी जाऊन मान आत घालावी लागणार. बाईंची उभी हयात इस्पितळात गेली होती. त्यांच्या वॉर्डात टेबलापाशी बसलं की शेवटच्या खाटेवरच्या माणसाचेसुद्धा पाय दिसत, आणि पायांवरून माणसाचं बरंच काही कळतं. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी लोक त्यांना मेट्रनबाईच म्हणत. त्यांनी आवाज चढवला की समोरचा आधी उभा राहायचा आणि मग कारण विचारायचा.

बिझनेस क्लासची ही तिकिटं मुलाने काढली होती. मुलगाही साधासुधा नव्हे. लांब पल्ल्याच्या विमानांतून हिंडायचं, कुठल्या कंपनीची सीट पूर्ण आडवी होते, कोणाची उशी मऊ, कोणाचं जेवण गरम, कोणाच्या एअर होस्टेस हाक मारायच्या आत येतात, याला दहापैकी मार्क द्यायचे आणि त्याचे व्हिडिओ करून जगाला दाखवायचे, हा त्याचा धंदा. लोक त्याला सीटशास्त्री म्हणत. रागवायचं सोडून त्यानेही तेच नाव मिरवायला घेतलं होतं. आईबापांना परदेशी आपल्याकडे न्यायचं ठरलं तेव्हा त्याने साऱ्या कंपन्या चाळून काढल्या आणि फोनवर ऐटीत सांगितलं, "आई, तुमच्यासाठी मी अशी सीट शोधलीय की राजा झक मारेल."

राजाचं काय व्हायचं ते होवो. बाईंना काळजी होती ती मास्तरांची.

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत चित्रकला शिकवायचे. गेल्या वर्षी त्यांच्या मेंदूत गुठळी झाली, उजवी बाजू अधू झाली आणि शब्दांनी दगा दिला. भाताला खडू म्हणत, चष्म्याला खिडकी. बायकोचं नाव तर पाटीवरून पुसल्यासारखं गेलं. तिच्यासाठी त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, शेजारीण. तो त्यांचाच जुना विनोद होता. बाईंची नोकरी रात्रपाळीची, मास्तरांची शाळा दिवसाची, घरात दोघांची गाठ पडायची ती दारात. तेव्हा मास्तर आल्यागेल्याला सांगायचे, ही माझी बायको कसली, शेजारीण आहे. सगळे शब्द गेले आणि थट्टा तेवढी मागे राहिली. बाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना रडू आलं, नंतर त्या त्याच नावाला ओ देऊ लागल्या.

झोपेतून जाग आली की मास्तरांचा चांगला हात, डावा, अंथरुणात चाचपडायचा. तिथे बायको सापडली की ते शांत होत. नाही सापडली तर घाबरत, उठायला बघत आणि पडत. एकदा असे पडले ते कपाळाला टाके घालावे लागले. तेव्हापासून दोन खाटा जोडून बाई त्यांच्या डाव्या अंगाला झोपत होत्या. म्हणूनच त्यांनी मुलाला बजावलं होतं, "हे बघ, आमच्या शेजारी कोणी परकं नको. तेवढं बघ." त्याआधी फोन मास्तरांच्या कानाला होता आणि मुलाने विचारलं होतं, "बाबा, सीट कशी हवी?" मास्तर म्हणाले होते, "शेजारीण. शेजारीण." मुलगा हसून म्हणाला, "कळलं, कळलं, शेजारची कटकट नको." आजारपणात तो एकदाही येऊन गेला नव्हता. डॉक्टरांशी मात्र न चुकता बोलत असे.

आणि त्याने काय शोधलं होतं, तर डाव्या भिंतीला लागून एकापुढे एक दोन कोठड्या. पुढच्या कोठडीत मास्तर, मागच्या कोठडीत बाई, मध्ये भिंत. मास्तरांच्या डाव्या हाताला विमानाचा पत्रा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मधल्या रांगेत दोन सीटा अगदी लगटून होत्या, मधली पाटी खाली केली की हात धरून बसावं अशा. तिथे एकमेकांना न ओळखणारे दोन पुरुष पाटी वर करून बसले होते. बाईंनी पदर खोचला आणि अलीकडच्या टाय लावलेल्या गृहस्थांना सगळं नीट सांगितलं. मालक आजारी आहेत, माणूस जवळ लागतं, तुम्ही दोघांनी आमच्या जागा घेतल्या तर उपकार होतील, खिडकीही मिळेल.

पलीकडचा बिचारा लगेच बॅग उचलायला लागला. टायवाला मात्र हसून म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. पण मी ही सीट खूप अभ्यास करून घेतलीय. आणि तो सीटशास्त्री सांगतो ना, कोणी कितीही गोड बोलून सीट मागितली तरी नम्रपणे नाही म्हणायचं. त्याचं ते वाक्यच आहे, दया दाखवाल तर मागे जाल."

"असं म्हणतो तो?"

"प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी."

बाईंना वाटलं, सांगावं याला, की त्या शास्त्र्याचं नाक मी पुसलंय. पण आपलंच पोर परक्या माणसाच्या तोंडून नाही म्हणत होतं, आता भांडायचं तरी कोणाशी. त्या परत फिरल्या.

मग सुरू झाली सेवा. गरम ओला टॉवेल आला, पांढरं टेबलपोस आलं, चार प्रकारचे पाव आले, आणि लग्नपत्रिकेएवढं जाड मेनूकार्ड आलं. एअर होस्टेस मास्तरांपुढे वाकून गोड आवाजात विचारत होती, मासा घेणार की सूप. मास्तर कार्डाकडे बघून म्हणाले, "खिडकी." तिने लगबगीने खिडकीचा पडदा वर केला. त्यांना चष्मा हवा होता. बाई मागून उठून आल्या, चष्मा दिला, सूप भरवलं, हनुवटी पुसली. जागा नव्हती म्हणून हे सगळं मधल्या वाटेत उभं राहून.

"मॅडम, तुम्ही बसा ना," होस्टेस म्हणाली. "साहेबांचं आम्ही बघतो. इथे प्रत्येकासाठी बेल आहे."

"अगं मुली, बेल कशाची असते हे त्यांना आठवलं तर ना," बाई म्हणाल्या. "यांना नुसतं माणूस दिसावं लागतं. ते दार उघडं ठेव, आणि हाक मारली की मला उठव. एवढं केलंस तरी पुष्कळ."

मुलीने मान डोलावली. चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही, आणि तेच बाईंना पसंत पडलं नाही. ऐकलेल्या माणसाचा चेहरा थोडा तरी बदलतो.

जेवणं उरकली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण सगळे पडदे पाडून आत रात्र करण्यात आली. मास्तरांची सीट आडवी झाली. पाय मात्र पुढच्या भिंतीतल्या एका बिळात घालायचे. बाईंनी त्यांचे पाय आत सरकवले आणि वाटेत उभ्या राहून त्यांचा हात धरला. मास्तर झोपले. मग विमान हादरायला लागलं, पट्ट्यांचे दिवे लागले, आणि बाईंना त्यांच्या कोठडीत पाठवण्यात आलं. गादी खरोखर मऊ होती. दिवसभराच्या दगदगीने त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती ठकठक आवाजाने. कोणीतरी पत्र्यावर हात आपटत होतं. बाई अनवाणी बाहेर आल्या. मास्तरांच्या कोठडीचं दार बंद, आणि दारावर ‘त्रास देऊ नका’चा लाल दिवा. त्यांनी दाराला हात घातला तशी ती होस्टेस धावत आली आणि मध्ये उभी राहिली.

"मॅडम, प्लीज. साहेबांना आराम करायचाय. दिवा त्यांनीच लावायला सांगितलाय."

"त्यांनी?"

मुलगी खाली बघत अवघडून म्हणाली, "खरं सांगू का, ते सारखे शेजारीण, शेजारीण करत होते. मी विचारलं, शेजारच्या बाईंचा त्रास होतोय का? तर त्यांनी जोरजोरात मान हलवली. म्हणून मी दार लावून टाकलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मेट्रनबाईंनी आयुष्यात कितीतरी मूर्खपणा पाहिला होता. चुकीच्या खाटेवर चुकीचं औषध गेलेलं पाहिलं होतं. पण नवऱ्याच्या हाकेला ओ द्यायला निघालेल्या बायकोला नवऱ्याच्याच तक्रारीवरून अडवलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही नर्सने सांगितलं असतं की ते जास्त वाईट.

"बाजूला हो," त्या म्हणाल्या. "ती शेजारीण मी आहे."

दार सरकलं. मास्तर अर्धे गादीवर, अर्धे खाली होते. पाय बिळात अडकले होते म्हणूनच डोकं जमिनीला लागलं नव्हतं. डाव्या हाताची बोटं पत्र्यावर आपटून लाल झाली होती. डोळे विस्फारलेले, घामाने सदरा ओला. बाईंनी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं, छातीशी धरलं. मास्तर त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून पुन्हा पुन्हा तोच एक शब्द म्हणत राहिले.

"आहे मी. इथेच आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांना एकदाचं रडू फुटलं. रागाचंच होतं ते. इतक्या थरांचा राग होता की कुठला कोणाचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यात थोडा स्वतःवरचाही होता, डोळा लागला म्हणून.

पुढचा सारा प्रवास त्यांनी मास्तरांची सीट उभी करून, समोर, पायांच्या बिळाच्या तोंडाशी असलेल्या ठोकळ्यावर बसून काढला. गुडघ्याला गुडघा, हातात हात. होस्टेसने न विचारता एक उशी आणून त्यांच्या पाठीशी ठेवली. या वेळी तिचा चेहरा बदललेला होता. बाईंनी उशी घेतली.

विमानतळाच्या बाहेर सीटशास्त्री फोन उगारून उभा होता. आईबाप दिसल्याबरोबर त्याने चित्रण सुरू केलं.

"या, या. आई, पहिली प्रतिक्रिया. सीट, दहापैकी किती?"

"आधी वाक आणि बापाच्या पाया पड."

तो ओशाळून वाकला, पण फोन खाली गेला नाही. चाकाच्या खुर्चीतल्या बापाकडे त्याने पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं, कारण क्षणभर त्याचं तोंड उघडंच राहिलं. मग तो सवयीने म्हणाला, "एकांताला तरी दहा द्यायलाच हवेत. या क्लासमध्ये असं दार कुणाकडेच नाही."

तिथल्या गाड्यांना चाक डावीकडे, म्हणून गाडीपाशी आल्यावर त्याने हौसेने पुढचं उजवं दार उघडलं. "बाबा पुढे. ही सीट पूर्ण मागे जाते. आई, तू मागे बस, बॅगा तुझ्याजवळ ठेवतो." आणि त्याने बापाला उचलून पुढे बसवलंसुद्धा. पट्टा लावला, दार लावलं. मास्तरांचा डावा हात सीटवरून चाचपडत गेला, गिअरच्या दांड्याला लागला आणि थबकला.

"शेजारीण," ते घाबरून म्हणाले. "शेजारीण."

मुलगा हसला. "फोनवरही हेच चालायचं यांचं. विमानात कोणी बाई शेजारी होती का गं? मी तर मुद्दाम बघून..."

"मी," बाई म्हणाल्या.

"काय?"

"शेजारीण म्हणजे मी. त्यांच्या तोंडून माझं नाव गेलंय. वर्ष झालं, तुझ्या फोनवर तो माणूस एकच मागतोय, बायको जवळ द्या. आणि तू काय दिलंस, तर दार. लोकांना शिकवतोस, सीट सोडू नका. तुझं ऐकून एकाने नाही सोडली. दारापलीकडे तुझा बाप हात आपटत होता आणि मला आत जायची बंदी होती, कारण शेजारी कोणी नको. तुला मार्क हवेत ना? तो फोन चालू ठेव आणि हे दाखव सगळ्यांना."

फोन चालूच होता. त्याने तो आधी बंद केला आणि मग आईकडे पाहिलं. त्याने पुढचं दार उघडलं, बापाचा पट्टा सोडला, त्यांना उचलून मागे आणलं आणि उजवीकडे बसवलं. पलीकडून बाई आत शिरल्या. मास्तरांचा डावा हात चाचपडत आला, सापडला, आणि त्यांनी मान मागे टेकवली.

एक बॅग मागे मावेना. ती त्याने पुढे, आपल्या शेजारी ठेवली, आणि गाडी सुरू न करता चाकावर हात ठेवले.

"बाबा," तो आरशात न बघता म्हणाला, "मला काय म्हणता तुम्ही?"

मास्तरांनी त्याच्या पाठीकडे पाहिलं. ते मन लावून शोधत होते, कपाळावरची खूण आक्रसली होती. मग त्यांनी बायकोकडे वळून हळूच विचारलं, "हे कोण?"

एरवी प्रत्येक शब्द चुकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे दोन अगदी बिनचूक आले. बाईंना उत्तर माहीत होतं, पण ते द्यायचं काम त्यांनी पुढे बसलेल्यावर सोडलं.