राजूर घाटातला काळा पट्टा

चारुलताबाईंच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. पत्र अकोल्याहून आलं होतं. सोबत पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं एक चित्र होतं.

बाई चिखलीला आमच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. मी मराठी शिकवायचो आणि ग्रंथालय सांभाळायचो. एका मार्चमध्ये दहावीच्या परीक्षेसाठी आम्हा दोघांची नेमणूक धामणगाव बढ्याला झाली. जाताना राजूर घाटात एसटी तापून थांबली. बाई कठड्यावर बसून समोरचा डोंगर काढू लागल्या. कागदावर ऊन येत होतं, म्हणून माझी सावली पडेल असा मी उभा राहिलो. सरकत्या उन्हाबरोबर मीही तासभर सरकत राहिलो. तसा तास मला पुन्हा मिळाला नाही.

डोंगरावरचं गवत वणव्यात जळालं होतं. पिवळ्या उतारावरचा तो काळा पट्टा बाईंनी होता तसाच रंगवला. पुढच्या वर्षी त्या अकोल्याच्या शाळेत गेल्या आणि तिथून त्यांनी लिहिलं, ‘सगळे म्हणतात, पट्ट्यावर हिरवा रंग चढवा. तुम्ही माझ्यासोबत तो डोंगर पाहिला आहे. ठेवू की झाकू? आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चिखलीला येऊ का, तेही कळवा.’

चित्रकलेतलं मला काय कळतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे दुसऱ्या प्रश्नाला घाबरून मी पहिल्याच्या आड लपलो होतो. चित्रही परत पाठवलं नाही.

गेल्या महिन्यात मला पंचाहत्तर लागली. माझी पुतणी गार्गी ते चित्र घेऊन गेली आणि तिने फ्लेक्सच्या दुकानात त्याची मोठी, आतून दिवे लागणारी फ्रेम करायला टाकली. ती आणायला मला सोबत नेलं. दुकानाच्या भिंतींवर धबधबे आणि हिमशिखरं भरदिवसा उजळलेली होती. दुकानदार गोपालने बटण दाबलं.

“पाहा काका!”

आभाळ निळंशार पेटलं, उतार पिवळाधमक. पट्ट्याच्या जागी कोवळं हिरवं गवत.

“इथं काळं होतं,” मी म्हणालो.

“हाव, डाग होता. मले वाटलं, कागदाले वल लागली असन. म्या सोता कम्प्युटरवर बसून काढला.”

“डाग नाही तो. जळालेलं गवत आहे.”

“जळालेला डोंगर कोन भितीवर लावते काका? परवा एका डॉक्टरसाहेबानं आपल्या बोथ्याच्या डोंगरावर बरफ टाकाले लावला.”

“टाकलास?” गार्गीने विचारलं.

“टाकला ना. आता पेशंट इचारतात, साहेब, कुल्लूले कधी गेलते?”

गार्गी हसत सुटली. मी चित्राकडे बघत होतो. सुंदर होतं, पण कुठल्याही डोंगराचं. त्याच्यासमोर कधी एसटी थांबली नव्हती. कठड्यावर कुणी बसलं नव्हतं. इतकी वर्षं जे माझ्या आवाक्याबाहेरचं समजत होतो, ते उत्तर मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

“पट्टा परत घाल,” मी म्हणालो. आवाज जरा चढलाच.

“काका, तुम्ही भांडताय? थांबा, आईला फोन लावते. तिला खरं वाटणार नाही.”

“मूळ चित्रात आहे तसाच घाल.”

“घालतो बाप्पा. पन मंग गावभर सांगू नका, गोपालनं डोंगराले काळं फासलं म्हनून.”

बाईंचा पत्ता गार्गीनेच निवृत्त शिक्षकांच्या यादीतून काढून दिला. त्या अजून अकोल्यातच होत्या. त्यांना मी आठवत असेन का, एवढ्या उशिरा लिहिणं हा उद्धटपणा तर नव्हे, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बसलो आणि एका दमात लिहिलं.

‘पट्टा झाकायचा नाही. तोच तो डोंगर आहे. तेव्हा सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. सुट्टीत याल का? मी तेव्हाही वाट पाहत होतो.’

शेवटचं वाक्य खोडायला पेन टेकवलं आणि उचललं. पाकीट चिकटवून तडक पोस्टात गेलो. पेटीच्या फटीत ते अर्धं सरकवून मी थोडा वेळ धरून ठेवलं. मागे एक बाई पत्र घेऊन ताटकळत होत्या.

“टाकता का, बाबा?”

मी हात सोडला.